पंडिता रमाबाई आणि देवावरचा भरवसा : वर्गात राहून जाणारा धडा



आज निबंधाचा विषय देत नाही. एका जुन्या विषयात आपण दरवर्षी जे गाळतो, त्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

'थोर समाजसुधारक' म्हटलं की मुलं पंडिता रमाबाईंवर निबंध लिहितात. जन्म २३ एप्रिल १८५८. कोलकात्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती सदन. मध्ये एक वाक्य असतं, 'त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला'. ते वाक्य मुलं घाईने लिहितात आणि आपणही घाईने वाचून पुढे जातो. वर्गात नको तो वाद कशाला, असं प्रत्येकाच्या मनात असतंच. पण या बाईने जे सोसलं आणि जे उभं केलं, त्याच्या मुळाशी तिची श्रद्धा होती. ती काढून टाकली तर हातात सनावळी उरते. आणि सनावळीने कुठल्याही मुलाला वाईट दिवसांत धीर आलेला मी तरी पाहिला नाही.

मी लोणारला शिकवतो. आमचं घर ख्रिस्ती. गावात आमची घरं मोजकीच, म्हणून रविवारची उपासना कुणाच्या तरी घरी होते. सतरंजी टाकायची, पेटी काढायची, शेजारचे वारकरी काका मनात आलं तर टाळ घेऊन येऊन बसतात. मोठ्या सणाला तेवढं बुलढाण्याला जायचं. तुमच्यापैकी ज्यांनी लोणार पाहिलंय ते सरोवरासाठीच आले असणार. उल्का पडून झालेला तो मोठा खड्डा, तळाला खारं पाणी, काठावर कमळजा देवीचं मंदिर, आणि वर कड्याशी गोमुखाची गोड्या पाण्याची धार. गोड्या आणि खाऱ्या पाण्यात अंतर किती थोडं, हे पाहून सहलीला आलेली पोरं दरवेळी चकित होतात.

जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं, ते तुम्हाला आठवत असेल. टाळेबंदीचे दिवस होते, शाळा बंद होत्या. मोबाईलवर फोटो फिरले आणि त्याच्याबरोबर तर्कही फिरले. कुणी म्हणालं देवाचा कोप, कुणी म्हणालं जगबुडी जवळ आली. आमच्या उपासनेतल्या एक-दोघांनीही त्याला बायबलातल्या संकटांच्या खुणा चिकटवल्या, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. नंतर शास्त्रज्ञांनी पाण्याचे नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. पुढे पावसाचं पाणी आलं आणि रंग ओसरला. मुलांना हे समजावणं सोपं गेलं, कारण त्या प्रश्नाला उत्तर होतं.

अवघड प्रश्न नंतर आला. सोयाबीनची सोंगणी झाली होती, शेतात सुड्या लागल्या होत्या आणि पावसाने गाठलं. शेंगांना सुडीतच कोंब फुटले. आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सर, माय रोज देवापाशी दिवा लावते. तरी आमचीच सुडी कशी काय भिजली?"

तिचं घर हिंदू, माझं ख्रिस्ती, शाळा सगळ्यांची. मी तिला काय सांगणार होतो? 'देव परीक्षा पाहतो' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, पण वाकलेल्या बापाच्या घरून आलेल्या पोरीला ते सांगणं मला बरं वाटलं नाही. 'हे सगळं हवामानाचं आहे' हेही खरंच, पण ती हवामानाबद्दल विचारत नव्हती. मी तिला म्हटलं, "मला याचं उत्तर येत नाही. पण असंच विचारायची वेळ जिच्यावर आली अशा एका मुलीची गोष्ट माहीत आहे. उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला सगळ्या वर्गाला ती सांगितली. तीच इथे देतो.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरू लागलं. आईने रमाला संस्कृत शिकवलं ते या भटकंतीतच. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला आणि दक्षिणा द्यायला कुणाजवळ काही उरलं नाही. आधी दागिने विकले, मग चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी. जवळचा बराच पैसा व्रतांत आणि दानात गेला, कारण देव प्रसन्न होईल ही आशा होती. शेवटी काहीच शिल्लक राहिलं नाही. अकरा दिवस त्या कुटुंबाने पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. हे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

वडील तोवर आंधळे झाले होते. त्यांनी ठरवलं की पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायची. एकेका मुलाला जवळ घेऊन त्यांनी निरोप घेतला. धाकट्या रमाला त्यांनी सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस आणि जन्मभर त्याचीच सेवा कर.

इथे मी वर्गात थांबतो. तुम्हीही थांबा असं सुचवेन. कारण यानंतर जे झालं ते पाठ्यपुस्तकात क्वचितच येतं. रमाबाईंचा भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी जातीचा अभिमान सोडतो, मजुरी करतो, पण तुम्ही हे करू नका. शास्त्र्याच्या घरातला तरुण ओझी वाहायला तयार झाला आणि वडिलांनी जलसमाधीचा विचार सोडला. ते फार दिवस जगले नाहीत. पाठोपाठ आई गेली, मोठी बहीणही गेली. उरले भाऊ-बहीण दोघं, आणि ते देशभर पायी फिरत १८७८ साली कोलकात्याला पोचले.

आमच्या वर्गातल्या मुलांना वडिलांच्या शब्दांपेक्षा भावाचं ते मजुरीचं बोलणंच जास्त भिडलं. आमच्याकडे १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी अजून घराघरांत सांगतात, खडी फोडली, सुकडी खाल्ली. एका मुलाने लगेच सांगितलं की त्याची आजी खडीच्या कामाला होती. दुष्काळ म्हणजे काय, ते मला वेगळं समजवावं लागलं नाही.

पुढचं आयुष्यही सोपं नव्हतं. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत तेही कॉलऱ्याने गेले. हाताशी लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी बुद्धी गहाण ठेवली नाही. ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्या धर्ममतांवर पत्रांतून कडाक्याने वाद घालत राहिल्या. शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरंच कशाला, संस्कृत का नको, असंही त्यांनी विचारलं होतं. आम्हा ख्रिस्ती लोकांना रमाबाईंचा अभिमान असतो, पण त्यांचं हे वाद घालणं आम्ही फारसं सांगत नाही. ते सांगायला हवं. प्रश्न विचारले की श्रद्धा कमी पडते, असा समज आमच्याकडेही आहेच.

इकडे परतल्यावर धर्मांतराच्या संशयावरून मोठं वादळ उठलं. १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुलींना शारदा सदनातून काढून नेलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या काळच्या आईबापांची भीतीही समजून घेतली पाहिजे. निबंधात ही बाजू आली तर मुलांचे गुण कापू नका.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे उपाशी दिवस आठवले आणि त्या मध्य प्रांतात गेल्या. तिथून सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, इतक्या जणींना शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. १८९९-१९०० चा दुष्काळ आला, त्यात आपला वऱ्हाडही होरपळला, आणि मुक्ती सदनातली संख्या हजाराच्या पुढे गेली. इतक्या तोंडांना रोज खायला घालायचं म्हणजे काय, हे शालेय पोषण आहाराचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या मित्रांना वेगळं सांगायला नको! तिथे प्रार्थना रोज व्हायची, भरपूर व्हायची. त्याचबरोबर विहिरी खणल्या जात होत्या, गाईगुरं होती, तेलाचा घाणा होता, हातमाग होते, छापखाना होता. दृष्टी नसलेल्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवलं. मला या सगळ्यात तो भाऊ दिसतो. देवाच्या हाती सोपवलं म्हणणारे वडील आणि मी मजुरी करतो म्हणणारा भाऊ, हे दोघंही रमाबाईंबरोबर केडगावला आले होते असं मला वाटतं.

आणि वडिलांचे ते शब्द? रमाबाईंनी ते ख्रिस्ती झाल्यावरही टाकले नाहीत. एका विष्णुभक्त बापाने मरणाच्या दारात दिलेली आज्ञा आपण ख्रिस्ताच्या मागे जाऊन पाळतो आहोत, असं त्या मानत राहिल्या. हे मला वर्गात सांगता येतं, कुणालाही न दुखावता. धर्म बदलला, पण भरवसा बापाकडून आला होता.

आता थोडं घरचं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत माझे वडील गेले. दवाखान्यात आत सोडत नव्हते, मातीला आम्ही चौघं होतो, पाळकांनी फोनवरून प्रार्थना केली. त्यानंतर काही महिने मला उपासनेत गाणी म्हणवत नव्हती. तेव्हा उपयोगी पडली ती बायबलातली तक्रारीची पानं. स्तोत्रसंहितेत देवाला जाब विचारणारी कितीतरी स्तोत्रं आहेत. ईयोब तर पानंच्या पानं देवाशी भांडतो, आणि शेवटी देव त्याची चूक काढत बसत नाही, उलट उपदेश करणाऱ्या मित्रांवर रागावतो. हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याचं छोटं पुस्तक आहे. शेतात पीक नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी देवाला सोडणार नाही, अशा अर्थाने ते संपतं. सुड्या भिजल्या त्या रविवारी आमच्यातल्या एका शेतकऱ्याने तोच भाग वाचायला घेतला. वाचताना तो दोनदा थांबला. कुणी काही बोललं नाही. मग पेटी सुरू झाली आणि नारायण वामन टिळकांचं एक भजन झालं.

टिळकांचं नाव आलंच आहे तर सांगतो. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पाश्चात्त्य चालींवरच्या उपासनेत अभंग, ओवी, कीर्तन आणलं. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. म्हणून तर आमच्या शेजारच्या काकांना टाळ धरताना परकं वाटत नाही. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' तुमच्या शाळेच्या वाचनालयात नसेल तर जरूर मागवा. नवऱ्याच्या धर्मांतराने संसार मोडल्यासारखा झाला, वर्षानुवर्षं ताटातूट झाली, आणि हे सगळं ती बाई हसत-हसवत सांगते. आठवी-नववीच्या मुलांना त्यातले प्रसंग फार आवडतात.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर एवढंच सुचवतो. कुणाचा देव खरा, तिथे जाऊ नका. 'देवाला इतकं दिलं की तो इतकं देतो' हा हिशेब मात्र मुलांसमोर जरूर तपासा, तो नवसातही असतो आणि आमच्याकडे दशांशातही. मुलांना घरी विचारायला सांगा, आपल्या घरात सगळ्यात वाईट वर्ष कोणतं होतं आणि तेव्हा घरातल्या माणसांनी काय केलं. दहा ओळी पुरेत, शुद्धलेखन नंतर पाहू.

आमच्या वर्गात त्या मुलीने सहाच ओळी लिहिल्या. सुडी भिजल्यावर मायने दिवा लावला, बाप दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून कोंब न आलेल्या शेंगा निवडून बाजूला काढल्या आणि तिनेही निवडू लागल्या. त्या दोन पोती भरल्या. खाली तिने लिहिलं होतं, 'हरभरा पेरायचा आहे. बियाणं उधार आणलं.'