सूर सुटल्यानंतर

पियानोची एखादी पट्टी इतकी हळू दाबावी की तिचा आवाजच होऊ नये. ती तशीच दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने तिचाच खालच्या सप्तकातला सूर जोरात वाजवून चटकन सोडून द्यावा. खालचा सूर तिथल्या तिथे थांबतो, पण पियानो गप्प होत नाही. जिला हातोडी लागलेलीच नाही, ती वरची तार आपणहून गात राहते. बारीक, स्वच्छ, लांबून आल्यासारखी. सतारीच्या तरफेच्या तारा ऐकत वाढलेल्या कानाला हा अनुभव ओळखीचा वाटेल. हाच प्रयोग घरातल्या साध्या कीबोर्डवर केला, तर खालचा सूर थांबतो आणि त्याच्यामागे काहीच उरत नाही.

पियानोत एका सुराला बाकीचे सूर ऐकू येतात. ८८ पट्ट्यांमागे सुमारे २३० तारा ताणलेल्या असतात. खर्जाकडे एका सुराला एकच जाड तार, वरच्या सुरांना तीन-तीन. सगळ्यांचा मिळून ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो, म्हणून आत बिडाची भक्कम चौकट लागते. उजव्या पायाखालचं पेडल दाबलं की सगळ्या तारांवरचे नमद्याचे तुकडे एकदम उचलले जातात. मग एक सूर वाजवला तरी त्याच्याशी नातं असलेल्या कितीतरी तारा थरथरतात. मागचा लाकडी पडदा तो थरथराट हवेत सोडतो. बोटांना, बाकड्याला, पायाखालच्या फरशीलाही तो जाणवतो.

हे वाद्य घडवणारा बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या पदरी होता. १७०० च्या सुमारास त्याने ते सिद्ध केलं. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची. बोट हळू पडो की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने छेडण्याऐवजी हातोडी मारली. त्याची खरी करामत मात्र पुढे आहे. पट्टी दाबलेली असली तरी हातोडी तारेला लागायच्या क्षणभर आधी पट्टीपासून सुटते, उरलेलं अंतर स्वतःच्या वेगाने तोडते आणि आघात करून मागे पडते. ती तारेला चिकटून राहिली असती, तर सूर जन्मतानाच घुसमटला असता. म्हणजे वाजवणाऱ्याची हुकमत त्या सुटण्यापर्यंतच. पुढे तो सूर फुगवता येत नाही, वळवता येत नाही. तो विरत जाणार, आणि आपण ऐकत राहायचं.

कीबोर्डची गोष्ट निराळी. त्याच्या पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून बोटाचा वेग मोजला जातो. १९८३ साली रूढ झालेल्या, मिडी नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या सामाईक भाषेत त्या वेगाला १ ते १२७ यांपैकी एक आकडा मिळतो आणि त्या आकड्याला साजेसा आवाज स्पीकरमधून येतो. पियानोचा आवाज निवडला असेल, तर तो बहुधा कुठल्यातरी उत्तम पियानोवर एकेक सूर हळू, मध्यम, जोरात वाजवून आधीच ध्वनिमुद्रित केलेला असतो. नव्या महागड्या डिजिटल पियानोंमध्ये शेजारच्या तारांचं ते गुंजनही गणिताने उभं केलेलं असतं, आणि ते ऐकताना मनापासून दाद द्यावीशी वाटते.

कीबोर्डचे उपकार मी विसरू शकत नाही. दोन-अडीचशे किलोंचा पियानो चाळीचा जिना चढून कसा जाणार? कीबोर्ड काखोटीला मारून नेता येतो. कानाला हेडफोन लावला की रात्री बारालाही रियाज होतो आणि भिंतीपलीकडचं बाळ झोपलेलं राहतं. गाणारीची पट्टी काळी चार असो की पांढरी दोन, एक बटण दाबून वाद्य तिच्या गळ्याशी जुळतं. गावोगावच्या ऑर्केस्ट्रात ‘कॅसिओ’वाला एकटा बासरी, व्हायोलिन, घंटा सगळं सांभाळतो. वादक केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मुंबईच्या चित्रपटसंगीतात मूग सिंथेसायझर आणला, तेव्हा कुठल्याच लाकडातून वा तारेतून न निघालेले नवे आवाज आपल्या गाण्यांत आले. शिवाय पियानोला कधीच न जमणारी मींड काही कीबोर्डांवर डाव्या हाताशी असलेल्या चाकाने घेता येते. आपल्या संगीताच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

पियानोला मात्र ऋतू बाधतात. मुंबईच्या पावसाळ्यात लाकडी पडदा दमट हवा पितो, फुगतो आणि सूर चढतात. नमदा सुजतो, पट्ट्या अडकतात, तारांना गंज धरतो. काही घरांत ओल मारायला पियानोच्या पोटात छोटा दिवा लावून ठेवतात. ट्यूनर येतो, एका सुराच्या तीन तारांपैकी दोन नमद्याने मुक्या करतो, एकीला जागेवर आणतो आणि मग बाकीच्यांना तिच्याशी मिळवतो. दोन तारा किंचित विसंवादी असतील तर आवाज लाटांसारखा हेलकावतो. तो किल्ली केसभर फिरवतो, लाटा लांबत जातात आणि नाहीशा होतात. कीबोर्डला या सेवेची गरजच नाही. तो वैशाखात आणि आषाढात सारखाच सुरेल असतो.

म्हणून शिकणाऱ्या मुलाला आधी कीबोर्डच द्यावा, असं मी सांगेन. ते परवडणारं आहे, शहाणपणाचंही आहे. पण शाळांनी, सभागृहांनी आपले पियानो कुलपात न ठेवता सुरात ठेवावेत आणि अशा मुलांना त्यांच्यापाशी बसू द्यावं. कीबोर्ड मुलाला स्वर देईल, ताल देईल, गाणं देईल. पियानोवर त्याला कळेल की बोट पडलं म्हणजे काम झालं असं नाही: सुटलेला सूर शेवटपर्यंत ऐकायचा असतो आणि तो कुठवर विरला हे जाणून पुढचा सूर किती जोराने लावायचा ते ठरवायचं असतं. हा कान एकदा तयार झाला, की तो मुलगा कीबोर्डवरही वेगळं वाजवू लागेल.