खुर्चीचा हिशेब

मुंबईच्या ओ.आर.टी. शाळेत केशरचना व सौंदर्यप्रसाधन शिकून बाहेर पडलेल्या आमच्या समाजातील मुली आज इस्राएलमध्ये आज्या झाल्या आहेत. हाताला कसब आले, पण दुकान कसे चालवावे हे आमच्या ओळखीच्या दोघीतिघींना पुढे पदरचे पैसे घालवूनच कळले. म्हणून दुबईत शिकणाऱ्या आमच्या भाचीचा अभ्यास पाहून आम्हां उभयतांस नवल वाटले. 2020 साली तेल-अवीवहून तिकडे थेट विमाने सुरू झाली, तेव्हापासून आमचे तिच्याकडे दोनदा जाणे झाले आहे.

तिच्या वर्गात विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येक गटास एकेक चालू दुकान नेमून दिले होते. हिच्या गटास करामा भागातील बायकांचे सलून मिळाले. मालकीणबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. गटात दोन मुलगे. पण बायकांच्या सलूनमध्ये तिकडे पुरुषांस मज्जाव! तेव्हा ते बिचारे बाहेर उभे राहून किती बायका आत गेल्या ते मोजीत आणि रात्री हिशेबाच्या वह्या पाहात. आमच्या मते तेच अधिक शिकले. दुकानाचा परवाना, नगरपालिकेची तपासणी, प्रत्येक कामकरणीचे आरोग्यपत्र, कायद्याने मालकानेच सोसावयाचा व्हिसाचा खर्च, हे सारे भुवया कोरण्याच्या 15-15 दिरहमांतून निघावयाचे असते.

दुकान सकाळी 10 ते रात्री 10 उघडे. खुर्च्या चार, कामकरणी चार. कायद्याप्रमाणे प्रत्येकीचे 8 तास धरले तर दिवसाचे 32 तास होतात. मुलांनी दोन आठवडे मोजले, तर त्यांतले जेमतेम 17 भरत होते, तेही बहुतेक संध्याकाळी पाचनंतर. (आमचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' म्हणवले. थांबलेला घाणा किती महाग पडतो हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.) मुलांनी निष्कर्ष लिहिला : तीन कामकरणी पुरेत.

मालकीणबाईंनी कागद शांतपणे वाचला आणि विचारले, “बरोबर आहे तुमचं. आता सांगा, कोणाला परत पाठवू?”

त्या देशात कामकरणीचे राहणे नोकरीवर टांगलेले. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधावी, नाहीतर देश सोडावा. चौघींपैकी एकीने गावी घर बांधावयास कर्ज काढलेले, दुसरीची मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. मुलांनी या बायकांच्या हातचा चहा घेतला होता. एक मुलगा म्हणाला, आकडे सांगतात तेच लिहावे. भाचीने रात्री आम्हांला फोन केला.

“मावशी, आकडा थोडा वाढवून लिहू का गं?”

“आकड्याला हात लावायचा नाही,” आम्ही म्हटले. “पण संध्याकाळी कोण बाई काम न करता परत जाते, ते मोजलंत का?”

ते कोणी मोजले नव्हते. पुन्हा मोजणी झाली. केसांना रंग लावावयास आलेल्या बायका गर्दी पाहून मागे फिरत, कारण रंगाला दोन तास खुर्ची अडते आणि तेवढ्या वेळात भुवयांची गिऱ्हाइके खोळंबतात. म्हणजे मोठ्या पैशाचे काम दारातून परत जात होते आणि सकाळी खुर्च्या रिकाम्या राहात होत्या. मुलांनी सुचविले, रंगाचे काम सकाळी, वेळ ठरवून, थोड्या सवलतीत द्यावे. घरोघरी जाऊन काम करण्याचीही कल्पना निघाली होती, पण त्यास निराळी परवानगी लागते, म्हणून बाईंनी ती तिथल्या तिथे मोडीत काढली.

पहिल्या महिन्यात सकाळच्या खुर्च्या थोड्या भरू लागल्या; सगळ्या नव्हे. नोकरी करणाऱ्या बायकांना सकाळी सवड कोठून असणार? मुलांनी अहवालात दोन्ही मोजण्या जशाच्या तशा दिल्या आणि 'तीन पुरेत' हे वाक्यही खोडले नाही. त्याखाली फक्त लिहिले की सकाळचा प्रयोग सहा महिने चालू द्यावा.

गुण चांगले मिळाले. मालकीणबाईंनी मात्र सहा महिन्यांचा शब्द दिलेला नाही. ईदच्या गर्दीला चौघी लागतातच, त्यापुढचे ईदनंतर पाहू, असे त्या म्हणाल्या. भाचीची परीक्षा संपली, तरी ती अजून आठवड्यातून एकदा सकाळी तिकडे चक्कर मारते आणि किती खुर्च्या भरल्या ते आम्हांस फोनवर कळविते.