पान्ह्यासाठी काय घालू?

डुकरीण गाभण राहिली की सल्ल्यांना तोटा नसतो, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. हरसूल पट्ट्यात शेळी, गावठी कोंबडी, बैल यांचं पोरासोरांनाही कळतं. यॉर्कशायर जातीची मादी आणून, शेड बांधून पाळणाऱ्याला मात्र विचारायला माणूस सापडत नाही. ज्याला विचारावं तो गाईचं सांगतो, नाहीतर बाळंतिणीचं.

सासूबाई म्हणाल्या, शतावरी दे, मेथी दे, बाळंतशोपा दे, दूध आटायचं नाही. दुकानदाराने जीवंती-शतावरीच्या भुकटीचं पाकीट पुढे केलं. त्यावर गाय-म्हैस किती, शेळी-मेंढी किती, सगळं छापलेलं होतं. डुकराचा उल्लेखच नव्हता. दीडशे किलोची डुकरीण गाईत धरू की शेळीत? शेजारचे दादा म्हणाले, जंत होऊ नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला घाल. कुणाचं ऐकावं ते कळेना, आणि इकडे दिवस भरत आलेले. डुकरिणीचा गाभणकाळ 114 दिवसांचा असतो, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. त्यात चाचपडायला वेळ फारसा मिळत नाही.

पशुवैद्यक डॉक्टर आले. शतावरीचं मी विचारलं, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "ताई, ती पाणी किती पिते?"

मला तो प्रश्न विषय सोडून वाटला. पुढे त्यांनी जे सांगितलं त्यावरून कळलं की दुधाचा विषय तिथूनच सुरू होतो. पिल्लं पाजणाऱ्या डुकरिणीला दिवसाला वीस-तीस लिटर पाणी लागतं. गाभणपणी दोन-अडीच किलो भरड्यावर भागतं, विल्यावर हळूहळू वाढवत पाच-सहा किलोंपर्यंत न्यावं लागतं. विण्याच्या सुमाराला तिला बद्धकोष्ठ झालं तर ताप चढतो, कास दगडासारखी होते आणि दूध उतरतच नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात मक्याच्या भरड्यात कोंडा वाढवायचा. पाल्याबद्दल ते ठाम होते. कडुनिंब गाभण जनावराला नको, गर्भाला धोका असतो. पोटात पिल्लं असताना कुठलंही झाडपाल्याचं औषध अंदाजाने घालायचं नाही, मग ते घरचं असो की पाकिटातलं.

ती रात्री व्याली. पिल्लं जेमतेम किलो-सव्वा किलोची, ओली आणि थरथरणारी. त्यांना पहिल्या दिवसांत तीसच्या वर, बत्तीस-चौतीस अंशांची ऊब लागते, म्हणून कोपऱ्यात बल्ब टांगला होता. डुकरिणीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाकडे जात नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून, आणि एका दिवसात आतडं ती आत घ्यायचं थांबवतं. म्हणून मागे पडलेल्या पिल्लाला हाताने धरून सडाला लावायचं.

पान्हा सुटताना मी अगदी जवळ बसले होते. डुकरीण कुशीवर पडते, पिल्लं नाकाने कास ढुसतात. ती सावकाश हुंकारत असते. मग हुंकार एकाएकी भराभर होतात आणि सगळी पिल्लं एकदम गप्प होऊन ओढायला लागतात. दूध वाहतं ते जेमतेम वीस सेकंद, की पुन्हा तासभराची वाट. दोन-चार दिवसांत प्रत्येकाचा सड ठरतो. पुढच्या सडांना दूध जास्त, ते दांडग्यांकडे जातात. मागचं बारकं पिल्लू तसंच राहतं. त्या पिल्लासाठीच मला शतावरी हवीशी वाटत होती.

पण त्याची पहिली निकड लोहाची निघाली. पिल्लाला रोज सात ते दहा मिलिग्रॅम लोह लागतं आणि आईच्या दुधातून मिळतं जेमतेम एक. रानात हिंडणारं डुक्कर माती उकरून ती भूक भागवतं, सिमेंटच्या जमिनीवरचं पिल्लू पांढरं पडत जातं. तिसऱ्या दिवशी दोनशे मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन दिलं. कुठलीच मुळी त्याची जागा घेऊ शकत नाही. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

मग वनस्पतींना जागाच नाही का? आहे, असं माझं मत झालंय. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं बंद केलं. आपल्याकडे 2019मध्ये जनावरांच्या खाद्यातल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली. तेव्हापासून पिल्लांची हगवण आणि डुकरिणीची भूक यांसाठी सुगंधी वनस्पतींकडे जास्त लक्ष गेलं. तिकडे ओरेगॅनोचं तेल वापरतात. त्यात थायमॉल असतं, तेच आपल्या ओव्यात आहे. शतावरी आणि जीवंती दुभत्या जनावरांना आपल्याकडे पूर्वीपासून देतात. डुकरिणीला नेमकी किती, हे मात्र मला कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, द्यायचीच तर विल्यानंतर, थोडी, आणि खाद्य घटलं तर लगेच बंद.

शतावरी आमच्या रानात आहे, पण मुळ्यांसाठी अख्खं झुडूप उपटलं की ते संपतं. म्हणून मी रानातली न उपटता बांधाला रोपं लावली आहेत. मुळ्या भरायला दोन पावसाळे तरी जातील. तोवर दुकानातली भुकटी वजन करून वापरायची.

आता दोन माद्या मागेपुढे गाभण आहेत. भरडा, कोंडा, पाणी, इंजेक्शन दोघींचं सारखं. विल्यावर एकीला शतावरी, दुसरीला नाही. डुकरिणीचं दूध मापता येत नाही, ते पिल्लांच्या एकविसाव्या दिवसाच्या वजनावरून ठरवतात. ताणकाटा आणलाय, वही आखलीये. दोन माद्यांवरून नियम ठरत नाही हे डॉक्टरांनी आधीच बजावलंय, म्हणून पुढच्या वेताला आलटून द्यायची: आता जिला शतावरी, तेव्हा तिला नुसता भरडा.