अर्धवट राहिलेले

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. घाटकोपरच्या डोंगरावर आमची एक खोली. तिथे बाबांनी हप्त्याने घेतलेला जुना लॅपटॉप. उबुंटू फुकट मिळते, म्हणून तेच घातले. ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ मला एकच वाटायचे. रेशन दुकानाच्या फळ्यावर कोणता माल आला ते वाचणे म्हणजे अपडेट. पिशवी भरून घरी आणणे म्हणजे अपग्रेड, हे मागाहून उमगले.

त्या रात्री अपग्रेड निम्म्यावर असताना वीज गेली. बॅटरी केव्हाच निकामी झालेली. वीज आली तेव्हा काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. पोटात गोळा आला. बाबांनी अंथरुणातून विचारले, “मोडला का रे?” मी गप्प.

१९९३ साली इयान मर्डॉक यांनी डेबियन सुरू केले. उबुंटू त्याच्याच पायावर उभे आहे. जगभरची कितीतरी माणसे बिनपगारी ही पॅकेजे सांभाळतात. अशा रात्रीचाही विचार त्यांनी करून ठेवला आहे! कोणते पॅकेज अर्धवट बसले, याची नोंद राहते. मित्राने फोनवर ‘डीपीकेजी कॉन्फिगर’ची आज्ञा सांगितली. ती देताच राहिलेली कामे एकेक पुरी होऊ लागली.

बाबा उठून शेजारी बसले. “म्हणजे अर्धवट राहिलेलं पुरं करता येतं?”

त्यांची शाळा सातवीत सुटली. परवा मी रात्रशाळेचा अर्ज आणून ठेवला आहे. ते अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत. पण अर्ज परतही केलेला नाही.