इमान आलं ना भाऊ!

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या वऱ्हाडी पोराला घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘तिकीट कन्फर्म झालं काय रे?’ दिवाळीच्या आधी तर हा घराघरातला राष्ट्रीय प्रश्न! १६ एप्रिल २०२५ पासून त्यात नव्या प्रश्नाची भर पडली, ‘मंग इमानानं येतं काय?’

इमान म्हणजे अर्थातच विमान. त्या दिवशी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर ७२ उतरलं. जम्बोबिम्बो डोक्यातून काढून टाका. पंख्याचं, सत्तरेक सीटचं विमान, १,८५० मीटरची धावपट्टी आणि सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस सेवा. पण अमरावती एक्स्प्रेसमध्ये अख्खी रात्र काढावी लागते, तोच प्रवास दोन तासांच्या आत! इतकी वर्षं वऱ्हाडी माणसाचं ‘आपलं’ एअरपोर्ट म्हणजे दीडशे किलोमीटरवरचं नागपूर. बेलोऱ्याची धावपट्टी नव्वदच्या दशकातली. म्हणजे ती बांधली तेव्हा शाळेत असलेली पोरं आता पोराबाळांना घेऊन तिथून उडतायत.

आधी रेल्वे, मग विमान

या गोष्टीचा खरा हीरो मात्र अमरावती नाही, बडनेरा आहे. बेलोरा बडनेऱ्याच्याच बाजूला, यवतमाळ रोडवर. अमरावती महापालिकेत असूनही बडनेऱ्याला आपण फक्त ‘उतरायचं स्टेशन’ म्हणून ओळखतो. त्याचं कारण दीडशे वर्षांपूर्वीचं. अमरावती ही कापसाची जुनी पेठ. १८४२ मध्ये इथल्या एकाच व्यापाऱ्यानं बैलांची एक लाख ओझी कापूस थेट कलकत्त्याला धाडला, असं जुनं गॅझेटिअर सांगतं. पुढे रेल्वे आली, १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पण मेन लाइन गेली बडनेऱ्यावरून. अमरावतीच्या वाट्याला आला दहाएक किलोमीटरचा फाटा. अकोला मात्र मेन लाइनवर, ऐटीत!

विमानानं हिशेब उलटा केला. अकोल्याजवळ शिवणीचा विमानतळ आहे आणि तो बेलोऱ्यापेक्षा कितीतरी जुना, १९४३ चा. पण धावपट्टी आखूड. ती वाढवायची तर शेजारच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन लागते. हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळला आणि बेलोऱ्याचं विमान उडालं तेव्हा अकोलेकर खालून बघत राहिले. दुखणं खरंच आहे. पण विद्यापीठाच्या बाजूनंही विचार करा. जिथे संशोधनाची पिकं उभी राहतात ती जमीन द्यायची कशी?

अकोलेकरांसाठी एक दिलासा आहे. अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. एके काळी खड्ड्यांसाठी शिव्या खाणारा हा रस्ता! अकोल्याहून येताना बडनेरा अमरावतीच्या आधीच लागतं. त्यामुळे बेलोरा अकोल्याचंही एअरपोर्ट होऊ शकतं. फक्त हे अकोल्यात मोठ्यानं बोलू नका.

येणारं की नेणारं?

एअरपोर्ट गावाचं काय करतं हे आपण पाहिलंय. सांताक्रूझच्या विमानतळाभोवती हॉटेलं, ऑफिसं, कार्गोची गोदामं उभी राहिली आणि पार्ले-अंधेरीच्या बिल्डिंगांची उंचीही विमानं ठरवू लागली. बेंगळुरूचं देवनहळ्ळी हे शांत गाव २००८ मध्ये विमानतळ आल्यावर बघता बघता प्रॉपर्टीवाल्यांचं लाडकं झालं. बडनेऱ्याचं तसंच होईल? तीन फेऱ्यांवर शहर उभं राहत नाही. पण दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. एअर इंडियानं २०२४ मध्ये बेलोऱ्याला पायलट ट्रेनिंग स्कूल जाहीर केलं. ३४ ट्रेनर विमानं, वर्षाला १८० पायलट असा तो प्लॅन. दुसरी गोष्ट, नांदगाव पेठचा पीएम मित्र टेक्स्टाइल पार्क. त्याची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. ज्या मातीतून कापूस गाठी बांधून बाहेर जायचा, तिथेच त्याचा शर्ट शिवला जाणार असेल तर विमानाला खरी गिऱ्हाइकं मिळतील.

नाहीतर? नाहीतर विमानही रेल्वेसारखंच वागेल. रेल्वेनं आधी कापूस नेला, मग इंजिनीअर नेले. आता तेच इंजिनीअर जरा लवकर पोचतील, एवढंच.

पण हिंजवडीतल्या किंवा अंधेरीतल्या वऱ्हाडी माणसाला अर्थशास्त्र नंतर सुचतं. आईला बरं नाही असा फोन आला, तर लगेच घरी पोचता येईल का, हा त्याचा पहिला प्रश्न. विमानाचा वार आणि वेळ जुळली तर उत्तर ‘हो’ असू शकतं. आठवड्याचे सातही दिवस ते ‘हो’ झालं, की समजायचं एअरपोर्ट आलं.

तोवर एखादा वीकेण्ड काढाच. पहिल्या दिवशी अंबादेवीचं दर्शन, दही-चटणीत बुडालेला गिला वडा आणि संध्याकाळी गप्पा. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून चिखलदरा. येताना तिकीट विमानाचं, जाताना रेल्वेचं ठेवा. बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर निरोप द्यायला सगळं घर येतं. एअरपोर्टच्या गेटवर ती मजा नाही!