संगणक कशासाठी खोळंबलाय?

घरचा संगणक सुरू व्हायला वेळ लावू लागला की उपाय सांगणाऱ्यांची वाण पडत नाही. नको असलेले प्रोग्रॅम काढा, टेम्पररी फाइली पुसा, रजिस्ट्री साफ करणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर चालवा, रॅम वाढवा, आणि कशानंच जमलं नाही तर सरळ फॉरमॅट मारा. उपाय वेगवेगळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी समजूत एकच असते: संगणकावर ओझं झालंय, ते उतरवलं की तो पळू लागेल. माझं भांडण या समजुतीशी आहे. सुरू होताना संगणकाला फार काम पडतं म्हणून उशीर होतो, असं क्वचितच घडतं. आजचा साधा प्रोसेसरही सेकंदाला अब्जावधी सूचना पार पाडतो. त्याला दोन-तीन मिनिटं पुरेल एवढं काम सुरुवातीच्या टप्प्यात नसतंच. त्या मिनिटांतला बराच काळ तो कशासाठी तरी खोळंबून बसलेला असतो. तेव्हा काय काढून टाकायचं हे ठरवण्याआधी तो कशापाशी अडलाय हे शोधायला हवं. हे शोधणं वाटतं तेवढं अवघडही नाही, कारण संगणक आपल्या खोळंब्याच्या नोंदी स्वतःच ठेवत असतो. त्या उघडून बघायची सवय मात्र आपल्याला नाही.

वेळ मोजायचा तर सुरू होणं संपलं कुठे, हे आधी ठरवावं लागतं, आणि पहिला घोळ इथेच होतो. इंटेलच्या अर्यान व्हान डे व्हेन आणि आउके कोक या दोन अभियंत्यांनी २००८ साली लिनक्स प्लंबर्स परिषदेत आसुसचा ‘ईईई पीसी’ हा लहानगा, स्वस्त संगणक पाच सेकंदांत सुरू करून दाखवला होता. त्यांनी आधी पाच सेकंदांचा हिशेब मांडला: कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, एक, सुरुवातीच्या सेवांना एक, चित्रप्रणालीला एक आणि डेस्कटॉपला दोन. मग ज्याच्या वाट्याचा वेळ ओलांडला जाईल, त्याला कामाला लावलं. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांनी घातलेली अट. पडद्यावर डेस्कटॉप दिसला म्हणजे झालं, असं त्यांनी धरलं नाही. प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही शांत होतील तेव्हाच संगणक सुरू झाला असं म्हणायचं. विंडोजचा प्रवास नेमका उलट्या दिशेनं झाला आहे. व्हिस्टापासून काही सेवा मुद्दाम उशिरा सुरू करण्याची सोय आली, विंडोज ८ पासून आपोआप उघडणारे प्रोग्रॅमही काही सेकंद रोखून धरले जाऊ लागले. डेस्कटॉप लवकर दिसतो, पण काम फक्त पुढे ढकललेलं असतं. म्हणून ‘स्क्रीन तर लगेच येते, पण माउस हलवला तर काहीच होत नाही’ ही तक्रार ऐकू येते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ नावाची एक नोंदवही आहे. तिच्यातली १०० क्रमांकाची नोंद हे दोन काळ वेगवेगळे देते: डेस्कटॉप येईपर्यंतचा आणि त्यानंतर यंत्र निवांत होईपर्यंतचा, दोन्ही मिलिसेकंदांत. तिच्या शेजारी १०१, १०२, १०३ अशा नोंदी असतील तर कोणत्या प्रोग्रॅमनं, ड्रायव्हरनं किंवा सेवेनं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, हे नावानिशी कळतं.

दुसरा घोळ ‘शट डाउन’चा. २०१२ साली विंडोज ८ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ आलं, तेव्हापासून अनेक संगणकांवर शट डाउन म्हणजे पूर्ण बंद करणं राहिलेलं नाही. वापरणाऱ्याचं सत्र संपतं, पण कर्नल आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर उतरवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. रोज रात्री नेमानं संगणक बंद करणाऱ्याला टास्क मॅनेजरमधला ‘अप टाइम’ कित्येक दिवसांचा दिसतो, तो यामुळे. बिघडलेला एखादा ड्रायव्हर मग आठवडेच्या आठवडे तसाच बिघडलेला राहतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळं नव्यानं उभं राहतं. म्हणून मोजणी दोन्ही प्रकारे करावी. बंद करून सुरू केल्यावर झटपट आणि रीस्टार्टला संथ, की उलट, यावरून अर्धा तपास मार्गी लागतो.

आता खोळंबा कुठे होऊ शकतो ते पाहू. पहिली जागा विंडोजच्याही आधीची. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे जुन्या भाषेत बायॉस, मेमरी तपासतं, जोडलेली उपकरणं हुडकतं आणि मग सूत्रं विंडोजकडे देतं. यात गेलेला वेळ टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात वरच्या बाजूला ‘लास्ट बायॉस टाइम’ म्हणून लिहिलेला असतो. तो पाच-दहा सेकंद असेल तर विशेष काही नाही. तीस-चाळीस असेल तर विंडोजमध्ये कितीही साफसफाई केली तरी तो एका सेकंदानंही कमी व्हायचा नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब इथे तंतोतंत लागू पडतो: ज्या भागाचा वेग वाढवाल, त्याचा एकूण वेळेतला वाटा जेवढा, तेवढ्याच मर्यादेत फायदा. सत्तर सेकंदांपैकी चाळीस फर्मवेअरचे असतील, तर विंडोज शून्य सेकंदात उभं केलं तरी चाळीस उरतातच. कारणं इथली अगदी साधी असतात. मागे कायमची लावून ठेवलेली बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह. आधी नेटवर्कवरून सुरू होऊन पाहा, असा चुकून बसलेला क्रम. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपल्यामुळे पुसल्या गेलेल्या सेटिंग्ज. डीडीआर ५ मेमरीच्या नव्या संगणकांत मेमरीची जुळणी करण्यात वेळ जातो, तो दोष नसून स्वभाव आहे. विंडोज पुन्हा टाकून यातलं काहीही बदलत नाही, हे कळलं तरी एक रविवार वाचतो.

दुसरी जागा डिस्क. अजूनही अनेक घरांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे, आणि संथपणाचं सर्वांत मोठं एकच कारण विचाराल तर मी तिच्याकडेच बोट दाखवीन. पण तिचा दोष नेमका काय? लॅपटॉपमधली तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. शिवाय डोकं योग्य त्या रेघेवर सरकायला आणखी दहा-बारा. एकूण सतरा धरले तर सेकंदाला साधारण साठच वाचनं होतात. सलग मजकूर असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइट सहज देते. पण मजकूर चार-चार किलोबाइटच्या तुकड्यांत विखुरलेला असेल तर साठ वाचनांत जेमतेम २४० किलोबाइट. आणि सुरुवातीच्या काळात नेमकं हेच घडतं. अँटिव्हायरस, क्लाउड ड्राइव्ह, अपडेट, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, सगळे एकाच वेळी आपापल्या बारीकसारीक फाइली मागतात. वाण्याच्या दुकानात पोटमाळ्यावरून जिन्नस काढायला एकच पोऱ्या असावा आणि दहा गिऱ्हाइकांनी एकेक वस्तू ओरडून मागावी, तशी त्या डोक्याची गत होते. दहा हजार विखुरलेल्या वाचनांना या हिशेबानं पावणेतीन मिनिटं लागतात. एका वाचनाला एक दशांश मिलिसेकंद घेणाऱ्या एसएसडीला सेकंदभर. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के व्यग्र दिसते आणि वेग मात्र सेकंदाला एक-दोन मेगाबाइट, या विसंगतीचा अर्थ हा आहे. प्रोसेसर तेव्हा रिकामाच असतो.

पण याच चित्राचं दुसरं कारणही असू शकतं आणि ते ओळखण्यात गल्लत झाली तर किंमत वेळेची राहत नाही, घरातल्या फोटोंची आणि कागदपत्रांची होते. मरणपंथाला लागलेली डिस्कही अशीच वागते. एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते; घरगुती डिस्क या खटपटीत कित्येक सेकंद घालवते आणि तोवर तिच्या मागची सगळी रांग तुंबते. फरक कळतो तो प्रतिसादाच्या वेळेवरून. निरोगी डिस्कवर रांग असली तरी हा आकडा सहसा काही दहा मिलिसेकंदांचा, फार तर शे-दोनशेंचा. तो वारंवार हजारांत जाऊ लागला तर संशय घ्यावा. मग डिस्कनं स्वतःबद्दल ठेवलेली ‘स्मार्ट’ माहिती पाहावी. बदललेले सेक्टर आणि बदलीच्या प्रतीक्षेतले सेक्टर, या दोन नोंदी शून्याच्या वर चढत असतील तर निकाल जवळपास लागलाच. क्रमांक १९९ ची सीआरसीची नोंद तेवढी वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा, आणि तो किरकोळ खर्चात सुटतो. खरोखर आजारी डिस्कवर डीफ्रॅग, संपूर्ण व्हायरस स्कॅन किंवा चेकडिस्क चालवणं म्हणजे तिला कोपरान्‌कोपरा वाचायला लावणं. ओझं उतरवण्याची भाषा इथे नुसती निरुपयोगी नाही, घातक आहे. आधी बॅकअप, मग बाकी सगळं.

तिसऱ्या प्रकारचा खोळंबा सर्वांत कमी ओळखला जातो. प्रोसेसर शांत, डिस्क शांत, आणि तरीही संगणक पुढे सरकत नाही. अशा वेळी घड्याळाकडे बघावं. काम करायला लागणारा वेळ रोज थोडाफार बदलतो. ठरवून दिलेली मुदत बदलत नाही. विंडोज एखाद्या सेवेनं उत्तर द्यावं म्हणून मुळात ३० सेकंद थांबतं, आणि ती मुदत संपली की ७००९ क्रमांकाची नोंद करतं. तिच्यात ३०,००० मिलिसेकंद हा आकडा आणि सेवेचं नाव दोन्ही असतात. लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीची मुदत ९० सेकंदांची. काढून टाकलेल्या डिस्कचं नाव सुरुवातीला जोडायच्या डिस्कच्या यादीत तसंच राहिलं तर लिनक्स नेमकं दीड मिनिट तिची वाट पाहतो. कधी ती काढलेली डिस्क असते, कधी ऑफिसच्या नेटवर्कवरचं फोल्डर घरच्या लॅपटॉपवर जोडलेलं राहिलेलं असतं. खोळंब्याची लांबी रोज तीच आणि आकडा गोल असेल, तर समोर कुणी नसताना कुणाची तरी वाट पाहिली जात आहे, हे नक्की समजावं. इथे एसएसडी लावली तरी तीस सेकंदांचे तीस सेकंदच राहतात.

मग ओझं कधीच नसतं का? असतं. कमी ताकदीचा, दोन कोअरचा प्रोसेसर आणि चार जीबी रॅम असेल, तर दोन अँटिव्हायरस आणि चार चॅटची अ‍ॅप्स मिळून त्याला खरोखर दमवतात. मेमरी कमी पडून डिस्कवर अदलाबदल सुरू झाली की ओझ्याचं रूपांतर पुन्हा खोळंब्यात होतं. पण हे तपासतानाही डोळे उघडे हवेत. टास्क मॅनेजर एखाद्या प्रोग्रॅमसमोर ‘हाय’ असा शिक्का मारतो तो त्यानं प्रोसेसरचा एका सेकंदापेक्षा जास्त वेळ किंवा डिस्कवरून तीन मेगाबाइटपेक्षा जास्त मजकूर घेतला तर. एसएसडीला तीन मेगाबाइट म्हणजे काही मिलिसेकंद; तो शिक्का तिथे जवळपास निरर्थक आहे. जुन्या हार्ड डिस्कवर तेच तीन मेगाबाइट विखुरलेले असतील तर बारा-तेरा सेकंद जातात. शिक्का एक, अर्थ दोन. बाकी उपायांविषयी थोडक्यातच. एक्सपीपासून असलेलं ‘प्रीफेच’ फोल्डर पुसणं म्हणजे विंडोजनं सुरुवात जलद व्हावी म्हणून काढलेलं टिपण फाडणं. एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या निवडल्यानं वेग वाढत नाही. ती सोय संख्या मर्यादित करण्यासाठी आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: एवढा तपास कशाला, एसएसडी टाका आणि मोकळे व्हा. हार्ड डिस्कच्या संगणकापुरता मी तो बिनशर्त मान्य करतो. वरचा हिशेबच त्याच्या बाजूनं बोलतो. पण तिथेही जुनी डिस्क आजारी आहे की नुसती संथ, हे आधी कळायला हवं, कारण त्यावरच मजकूर नव्या डिस्कवर कसा न्यायचा ते ठरतं. आणि आधीच एसएसडी असलेला संगणक संथ झाला तर या आक्षेपापाशी सांगण्यासारखं काहीच उरत नाही. दुसरा आक्षेप फॉरमॅटवाल्यांचा: आमच्या उपायानं गुण तर येतो. येतो, पण कशानं आला ते कळत नाही, कारण कारणाबरोबर पुरावाही पुसला जातो. महिन्याभरात तेच प्रिंटरचं सॉफ्टवेअर, तोच ड्रायव्हर परत येतो. शिवाय दोष फर्मवेअरमध्ये किंवा डिस्कमध्ये असेल तर गुण येतही नाही. तिसरा आक्षेप असा की संगणक बंदच करू नये, नुसता झोपवावा. लॅपटॉपच्या रोजच्या वापरात ही सवय चांगलीच आहे. पण अपडेट आले की रीस्टार्ट टळत नाही, आणि आजारी डिस्क झोपेत बरी होत नाही.

‘जुना झालाय, नवाच घ्या’ हा सल्ला अलीकडे वाढला आहे, आणि त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात. विंडोज १० चं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठराविक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. सुरक्षेच्या अपडेटसाठी संगणक बदलण्याचा विचार त्यामुळे समजण्यासारखा आहे. संथ सुरुवात हे मात्र बदलण्याचं कारण म्हणून फार कच्चं आहे. जुन्यावरचा तोच खाक्या नव्यावर जसाच्या तसा उतरवला, तेच नेटवर्कवरचं फोल्डर जोडलं आणि तीच उत्तर न देणारी सेवा चढवली, तर नव्या संगणकाच्या नोंदवहीतही ७००९ हा क्रमांक आणि ३०,००० हा आकडा उमटतो.