नागझिऱ्याचा सहा ठिपक्यांचा भुंगेरा

नागझिऱ्याला माणसे जातात ती वाघासाठी. आम्हीही जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, त्याच आशेने साकोलीहून पिटेझरीचा रस्ता धरला. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, पुढे एकदम जंगल. १९७० साली हे अभयारण्य झाले, २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. वाघ काही दिसला नाही. रानगवे मात्र पोटभर पाहिले.

खरी गंमत संध्याकाळी झाली. उतरलो होतो ते घर रानाला लागूनच. अंगणाच्या कडेने एक काळाभोर किडा तुरुतुरु पळत निघाला. मी चप्पल उगारली. आमच्या ऊसपट्ट्यात पहिल्या पावसानंतरचा भुंगेरा म्हणजे हुमणीचा, दिसला की ठेचायचा!

"मारू नका भाऊ," घरमालक म्हणाले, "हा पिकाले हात लावत नाही. पण तोंडही जवळ नेऊ नका."

बॅटरी धरून पाहिले. लांबी दीड इंचाच्या आसपास, पाय लांब, जबडा दणकट. काळ्या अंगावर पांढुरके गोल ठिपके: छातीवर दोन, पाठीवर चार. हुमणीचा भुंगेरा तपकिरी. तो अंधार पडला की उडून कडुनिंब-बाभळीवर पाला खायला बसतो. याला उडताच येत नाही. हा जमिनीवर हिंडून दुसरे किडे मारून खातो. डिवचले तर मागच्या बाजूने आम्लाची पिचकारी मारतो. मुंगी चावल्यावर झोंबते ना, तेच फॉर्मिक आम्ल. डोळ्यात गेले तर आग आग होते.

शास्त्रात याचे नाव अँथिया सेक्सगुट्टाटा, म्हणजे सहा थेंबांचा. फाब्रिसियस या डॅनिश पंडिताने १७७५ सालीच त्याची नोंद केली. अडीचशे वर्षे झाली, तरी आपण त्याला चपलेनेच ओळखतो! शेतात हुमणीचे भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकताना ठिपके तेवढे पाहून घ्यावेत.

कोरडी जमीन, दगड, पालापाचोळा हे त्याचे घर. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून उन्हाळ्यात झाडाखालचा पाला पेटवतात. अशा आगीतून पायांनी पळून तो कितीसा लांब जाणार?

"यंदा आम्ही पाला जाळला नाही, झाडून बाजूले लोटला," घरमालकांनी अंगणापलीकडचा ढीग दाखवला. भुंगेरा त्याच ढिगात शिरला.